गाडी किती देते?

मराठवाड्यात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी हाच प्रश्न विचारतो. रंग, मॉडेल, विमा हे सगळं नंतर. सेनगावात तर या प्रश्नाला जास्तच धार आहे. तालुक्याचं ठिकाण, पण रेल्वे नाही. ती धरायला हिंगोली गाठावी लागते. बिऱ्हाड एकीकडं आणि नोकरी दुसरीकडं, अशी माणसं इथं कितीतरी. हिंगोली १९९९ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्यात होती, तिथं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत, कारण टँकर मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेवर किलोमीटर तुडवत येतो. २०१८ च्या सप्टेंबरात परभणीत लिटरने नव्वदी ओलांडली तेव्हा लोक हळहळले होते. आता इकडं लिटरला शंभराची नोट पुरत नाही.

महिन्याला पन्नास लिटर पेट्रोल लागणाऱ्या माणसाचा ॲव्हरेज दहा टक्क्यांनी सुधारला, तर साडेचार लिटर वाचतात. म्हणजे जवळपास अर्ध्या गॅस सिलिंडरचे पैसे. पगारदार घरातही ही रक्कम लहान नाही.

पुढचा संवाद दोन प्रकारच्या माणसांचा आहे. एक गॅरेजवाले मिस्त्री, काळी-पिवळी जिपांची इंजिनं खोलण्यात ज्यांची उमेद गेली ते. दुसऱ्या हिंगोलीहून सेनगाव तालुक्यातल्या शाळेत रोज स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीने येणाऱ्या शिक्षिका. नावांची गरज नाही. अशी माणसं कुठल्याही तालुक्यात भेटतात आणि त्यांचा वादही साधारण असाच चालतो.

मॅडम : मामा, गाडी सोळावर आलीय. कंपनी बावीस सांगते. कुठंतरी पाणी मुरतंय.

मिस्त्री : कंपनीचं बावीस कागदावरचं. आपल्या रस्त्याला सोळा म्हणजे वाईट नाही. गाडी ठेवून जा. प्लग साफ करतो, फिल्टर बदलतो, जराशी ट्युनिंग मारतो. दीड-दोनने वाढेल.

मॅडम : कागदावरचं आहे हे खरं, पण तो कागद खोटा नाही. पुण्याला एआरएआय म्हणून १९६६ पासूनची संस्था आहे, तिच्या पद्धतीने तो आकडा निघतो. गाडी रोलरवर चढवतात, बंद खोलीत, एसी बंद ठेवून. वीसेक मिनिटांची ठरलेली चाल, वेग नव्वदच्या वर जात नाही. ना समोरचा वारा, ना खड्डा, ना वाटेतल्या नर्सीला एकादशीची गर्दी. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी. माझी गाडी माझ्या रस्त्यावर किती देते, ते मलाच मोजावं लागणार.

मिस्त्री : मोजून काय होतं? गाडी सुरू केल्याबरोबर मला आवाजावरनं कळतं.

मॅडम : आवाजावरून बिघाड कळेल. सोळाची साडेसतरा झाली का नाही, ते कसं कळणार? वहीतच कळेल.

वही म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यातली साधी शाळकरी वही. आपल्याकडे पेट्रोल लिटरने नाही, रुपयांनी भरतात. आज दोनशेचं, परवा पाचशेचं. मग काटा कुठं होता आणि कुठं आला, यावरून ॲव्हरेजचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज माणसाच्या मनाप्रमाणे वर-खाली होतो. मॅडमची रीत वेगळी. टाकी फुल करायची, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की तिथंच थांबायचं, वर रकमेचा आकडा गोल करण्यासाठी आणखी ओतायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशिनवर पुन्हा फुल. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यायची. आणि एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. ॲव्हरेज वाढवण्याच्या सगळ्या उपायांत मी या वहीला पहिलं स्थान देईन. तिने थेंबभर पेट्रोल वाचत नाही, पण गेलेला पैसा कोणत्या उपायावर वाया गेला ते तीच सांगते.

मिस्त्री : बरं, वही ठेवा. पण फिल्टर तर बदलाल की नाही? हा बघा, धुळीने काळा झालाय. इंजिनाला श्वास घेता येईना, मग पेट्रोल जास्त पिणारच.

मॅडम : फिल्टर बदला, माझी ना नाही. पण ॲव्हरेजसाठी नको. कार्बोरेटरच्या गाडीत तुमचं म्हणणं बरोबर होतं. हवा कमी पडली की मिश्रण घट्ट व्हायचं, धूर काळा यायचा, पेट्रोल वाया जायचं. आताच्या गाडीत सेन्सर हवा मोजतो आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून बघितले. इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला.

मिस्त्री : म्हणजे आमची विद्या जुनी झाली म्हणा.

मॅडम : गाडी बदलली, मामा. विद्या ज्या गाडीची, त्या गाडीला अजून लागू आहे. आता थर्मोस्टॅटचंच बघा.

थर्मोस्टॅटचा विषय निघाला की दोघांचा आवाज चढतो. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजमध्ये ही रीत आहे: इंजिन तापतंय अशी तक्रार आली की थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकायचा. पाणी सदोदित रेडिएटरमधून फिरत राहतं, काटा वर चढत नाही, गिऱ्हाईक खुश. पण हा व्हॉल्व्ह असतो तो इंजिन लवकर गरम व्हावं आणि ठरलेल्या उष्णतेवर टिकावं म्हणून. तो काढला की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंडच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. घर ते शाळा एवढ्याच अंतराची गाडी असेल तर अर्धी वाट या थंड इंजिनावरच निघते. ॲव्हरेज का पडला हे मग कुणालाच उमगत नाही, कारण गाडीत बिघाड असा दिसत नाही.

मिस्त्री : आम्ही काढत होतो ते कशामुळं, ते तरी ऐकून घ्या. जिपात बोअरचं पाणी टाकायचे लोक. क्षाराचे थर बसायचे, रेडिएटर चोंदायचा, व्हॉल्व्ह अडकून बसायचा. भर उन्हात जीप उकळायची, आत बायका-लेकरं. नवा व्हॉल्व्ह हिंगोलीलाबी मिळायचा नाही, नांदेडहून मागवावा लागायचा. माणूस घरी पोचवायचा का ॲव्हरेज बघायचा?

मॅडम : तेव्हाचं पटतंय. पण माझ्या गाडीत कूलंट आहे, बोअरचं पाणी नाही. मग माझ्याही गाडीतला व्हॉल्व्ह गेल्या वेळी कुणीतरी काढलाय, त्याने तो कशासाठी काढला?

मिस्त्री : सवयीनं. नवा बसवून देतो. आणि ऑईल कोणतं टाकलंय बघू. वीस-चाळीसचं? हे बी त्यानंच टाकलेलं दिसतंय. जाड ऑईल टाकलं की इंजिनाचा आवाज दबतो, माणसाला वाटतं गाडी गुळगुळीत झाली. तुमच्या पुस्तकात पातळ ऑईल लिहिलेलं असेल.

पुस्तकात झिरो-ट्वेंटी लिहिलेलं होतं. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या दर्जाचंच ऑईल वापरल्याने साधारण एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते. ऑईल बदलायचंच असतं, तेव्हा योग्य डबा उचलायला कष्ट पडत नाहीत. जुन्या जिपेत मात्र पातळ ऑईल घालायला जाऊ नये. ते झिजलेल्या इंजिनातून गळेल आणि जळेल.

आतापर्यंत मॅडमची सरशी झाली. मग मिस्त्रींनी जॅक लावला.

पुढचं डावं चाक जमिनीपासून वीतभर उचललं, गिअर न्यूट्रलला घेतला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. फिरलं, पण ढकलल्याइतकंच. हात काढला की जागच्या जागी थांबलं. मग उजवं चाक उचलून तसंच फिरवलं. ते हात काढल्यावरही एखादा फेरा पुढं गेलं. डिस्क ब्रेकला पॅडचा किंचित घासल्याचा आवाज असतो, तो असू द्यावा. पण डाव्या चाकाचं तसं नव्हतं. मिस्त्रींनी चाक काढलं, कॅलिपर सोडवला आणि त्याच्या पिना बाहेर ओढल्या. एक पिन सरळ निघाली. दुसरी पकडीने पिरगाळून काढावी लागली. तिच्यावर जुनं ग्रीस आणि पावसाळ्यातली काळी माती मिळून सिमेंटसारखा थर बसला होता. पाय ब्रेकवरून उचलला तरी पॅड मागे सरत नव्हता. म्हणजे हे चाक रोज हिंगोली ते सेनगाव ब्रेक लावूनच येत होतं.

मिस्त्री : आता हे तुमच्या वहीत आलं असतं का?

मॅडम : ॲव्हरेज पडला एवढं आलं असतं. कशामुळं, ते नसतं आलं.

मिस्त्री : काळ्या मातीच्या रस्त्याला हे दर पावसाळ्यानंतर होतं. रब्बीच्या तोंडाला एकदा चारी चाकं उचलून फिरवायची. घरच्या माणसालाबी जमतं. फक्त गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड, आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. लांबून आल्यावर चाकाजवळ हाताचा तळवा धरून बघायचा, रिमला लावायचा नाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय. आणि पिनेला हे लाल ग्रीस नाही चालत, रबर फुगतं. ब्रेकचं वेगळं मिळतं.

या एका तपासणीसाठी मी मिस्त्रींना सगळे वादाचे मुद्दे सोडून द्यायला तयार आहे. ॲव्हरेज वाढवण्याच्या बहुतेक याद्यांत फिल्टर आणि प्लग आधी येतात, चाक हाताने फिरवून बघा असं क्वचितच कुणी लिहितं. मराठवाड्याच्या चिखलात ते आधी यायला हवं.

हवेबद्दल दोघांचं एकमत व्हायला हरकत नव्हती, पण तिथंही अडलं. स्टँडवरचा पंक्चरवाला सगळ्या गाड्यांना पस्तीसची हवा भरतो, आणि मिस्त्रींच्या मते तेच बरं, कारण कमीपेक्षा जास्त बरी. मॅडमचं म्हणणं, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर पुढच्या-मागच्या चाकाचा आकडा छापलेला आहे, तोच भरावा. आणि तो थंड टायरचा आकडा आहे. तीस किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये हवा फुगलेली असते, तेव्हा मोजली तर भरलेली दिसते. शिवाय तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा सुमारे एक पीएसआयने उतरते. आपल्याकडे मेच्या दुपारी बेचाळीस आणि डिसेंबरच्या पहाटे बारा अंश. उन्हाळ्यात भरलेली हवा कुठं गळती नसतानाही हिवाळ्यात पाच पीएसआयने कमी होणार. दर एका पीएसआयमागे ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने पडतो. आकडा लहान आहे, हे मॅडमही कबूल करतात. पण कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, आणि टायरचा जोड घ्यायची वेळ आली की हा लहान आकडा मोठा होतो.

डिक्कीतलं सामान, वरचं कॅरिअर यावर फार बोलणं झालं नाही. सोयाबीनचं एक कट्टं उगीच डिक्कीत फिरवलं तर साधारण टक्काभर फरक. रिकामं कॅरिअर वाऱ्याला अडवतं, काम नसेल तेव्हा काढून ठेवावं.

मग पाय.

मिस्त्री : खरं सांगू का? ॲव्हरेज पायात असतो. आमचे जुने ड्रायव्हर उतार लागला की गाडी न्यूट्रल करायचे. घसरत जायची, पेट्रोल वाचायचं.

मॅडम : आता ते करू नका, कुणाला शिकवूही नका. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, वर इंजिनाचा ब्रेकही जातो.

मिस्त्री : असं होय? पण वेगाचं तरी माझं बरोबर ना? नव्वदने पळवायची आणि मग म्हणायचं गाडी पेट्रोल पिते.

मॅडम : ते शंभर टक्के बरोबर. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठचे नव्वद केले तर अडथळा सव्वादोनपट. पीसीआरए म्हणून केंद्र सरकारची इंधन बचतीची संस्था आहे, १९७८ ची; ती पंचेचाळीस ते पंचावन्नचा वेग सांगते. मी साठ-पासष्टवर ठेवते. शाळेला काही मिनिटं आधी निघावं लागतं एवढंच.

मिस्त्री : आणि गेटसमोर गाडी चालू ठेवून फोनवर बोलत बसणं?

मॅडम : ते बंद केलंय. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं परवडतं.

मिस्त्री : तुमच्या गाडीला. टर्बोची डिझेल गाडी लांबून पळत आली की अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मगच बंद करायची, नाहीतर टर्बो बसतो. ते बी लिहा वहीत.

एसीबद्दल सांगायचं तर बेचाळीस अंशांत तो बंद ठेवा असं सांगणं मला माणुसकीचं वाटत नाही. गाडी लिंबाच्या सावलीत लावावी, निघताना पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली भट्टी बाहेर घालवावी, मग एसी लावावा. एवढ्याने त्याचं काम बरंच हलकं होतं.

पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, सिगारेट लायटरच्या जागी खोचायची डबी, हे सगळं मिस्त्रींकडे विकायला येतं आणि ते ठेवत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली. फायदा दिसला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांत, आणि तोही किरकोळ. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लईने पाल्यापासून पेट्रोल करतो म्हणून देशभर खळबळ उडवली होती. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीसाठी शिक्षा सुनावली. महाग पेट्रोल असलेल्या देशात अशा मालाला गिऱ्हाईक कायम असतं, म्हणून न विकणाऱ्या मिस्त्रीचं मोल.

मिस्त्री : पण मॅडम, एक सांगा. हवा आपण बघायची, पाय आपण आवरायचा, चाकं आपण फिरवायची. आणि पंपावर पेट्रोलच बदललं त्याचं काय? गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतं, गाडी कमी देते म्हणून.

मॅडम : इथेनॉलचं म्हणता. वीस टक्के मिसळतात आता. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या धाटणीच्या चारचाकींचा ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडेल. वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या नव्या गाड्यांचा एक-दोन टक्क्यांनी. त्या बदल्यात परदेशातून तेल कमी आणावं लागतं, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला बाजार मिळतो.

मिस्त्री : मिळू द्या की. पण लिटरचा दर त्या मानानं उतरला का? तुम्ही महिनाभर हवा भरून, पाय आवरून पाच टक्के कमावणार, आणि ते पंपावरच द्यायचे.

मॅडम : दर उतरायला हवा होता, हे खरं. पण तो माझ्या हातात नाही, टायर आहे.

इथं मॅडमचं उत्तर मला अपुरं वाटतं. जे हातात आहे ते करावंच, पण जुनी गाडी वापरणाऱ्याला लिटरमागे कमी ऊर्जा मिळत असेल, तर त्याला कमी दराचा हक्क आहे, आणि तो हक्क मागण्यासाठीही वहीतले आकडेच लागतील. गिऱ्हाइकाने मिस्त्रीवर ओरडून तो मिळणार नाही.

मिस्त्रींचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड होता.

मिस्त्री : आमची काळी-पिवळी लिटरला बारा देते. तुमची सोळा. पण जिपात नऊ माणसं. बारा नवे एकशे आठ. तुम्ही गाडीत एकट्या. मग जास्त कोण देतं?

मॅडम : माणशी धरलं तर जीपच. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, मामा. परिपाठाला पोचावं लागतं. निवडणुकीचं काम निघालं की सुटायची वेळ सांगता येत नाही. बाईमाणसाने अंधार पडल्यावर स्टँडवर उभं राहायचं, तो हिशेब लिटरमध्ये कसा मांडणार?

मिस्त्री : नका मांडू. पण त्याच रस्त्याने तुमच्या शाळेतल्या आणखी कुणी येत असतील की.

मॅडम : दोघी येतात. एक नर्सीहून.

मिस्त्री : मग बसवा त्यांना. भाडं म्हणून घेऊ नका, पांढऱ्या पाटीवर चालत नाही. पेट्रोल वाटून घ्या. तीन माणसं आणि सोळा म्हणजे अठ्ठेचाळीस झाले. कुठला पाना लावून मी तुम्हाला एवढे काढून देणार?

मॅडम : विचारते उद्या. एकीला पाचच्या आत निघावं लागतं, लहान बाळ आहे. माझं कधीकधी साडेपाच होतं. बघू, कसं जमतं ते.

मिस्त्री : जमलं तर स्टिकर पुन्हा बघा. भरलेल्या गाडीचा मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. थांबा, आत्ताच भरून देतो, टायर थंड आहेत तोवर.